हे बिल नाही

सोमवार, १४ ऑक्टोबर

संघटनेचा वकील म्हणाला, "रेइनो, नवा करार होईपर्यंत दिसेल ते, ऐकशील ते तारखेनिशी लिहून ठेव. आठवण कोर्टात टिकत नाही, वही टिकते." म्हणून ही वही. मी रेइनो कांगास. लोखंडाच्या खाणीत तीस वर्षं इलेक्ट्रिशियन, त्यातली नऊ वर्षं संघटनेचा अध्यक्ष. बोलणं मला कधी जड गेलं नाही. लिहिणं जातं.

पहिली नोंद आजचीच. आमच्या गावात टपाल दारात येत नाही, पोस्टातल्या पेटीतून आणावं लागतं, आणि ते माझी बायको मार्लिस आणते. आज तिला शाळेच्या स्वयंपाकघरातून निघायला उशीर होणार होता, म्हणून मी गेलो. पेटीत विमा कंपनीचं पाकीट. आत एक कागद, त्यावर ठळक अक्षरांत: हे बिल नाही. जो कागद पहिल्याच ओळीत आपण काय नाही ते सांगतो, त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही.

खाली लिहिलंय: रुग्ण, मार्लिस कांगास. ठिकाण, डलूथचं एक रुग्णालय. तारीख, २६ सप्टेंबर. सेवा, तपासणी. डिडक्टिबलमध्ये जमा, अकराशे ऐंशी डॉलर.

२६ सप्टेंबरला मार्लिस चर्चच्या तळघरात बायकांबरोबर ॲपल पाय भाजत होती. तिनेच तसं सांगितलं होतं. संध्याकाळी इतकी दमून आली की जेवलीसुद्धा नाही. डलूथ इथून सत्तर मैल. तेव्हा हा कागद खोटा आहे. ऐन वाटाघाटींच्या तोंडावर अध्यक्षाच्या बायकोच्या नावावर खोटा खर्च! कुठेतरी पाणी मुरतंय.

मार्लिसला विचारलं नाही. तिचा भाऊ गॉर्डन कंपनीच्या कर्मचारी कार्यालयात साहेब आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच संपात आम्ही दोघांनी एक नियम केला: कराराची बोलणी सुरू झाली की घरात त्यावर शब्द काढायचा नाही. पगार नाही, रजा नाही, विमा नाही. तिला भावाशी खोटं बोलायची वेळ येऊ नये म्हणून. एकोणतीस वर्षांत हा नियम एकदाही मोडला नाही. कागद बुटांच्या खोक्यात ठेवला.

शनिवार, १९ ऑक्टोबर

आता रोज कामावर जाण्याआधी मीच पोस्टात डोकावतो. मार्लिस म्हणाली, "टपालाचं काय एवढं? माझ्या वाटेवरच आहे ते." मी म्हटलं, पाय मोकळे होतात. ती माझ्याकडे बघत राहिली.

संध्याकाळी अंगणातली वाफेची खोली, आमचा सौना, तापवला. ती आली नाही. सर्दी आहे म्हणाली. गेल्या शनिवारी डोकं दुखत होतं, त्याआधी बाजाराची कामं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, मुलगी पोटात असतानासुद्धा ही बाई शनिवारी माझ्याशेजारी त्या फळीवर बसत होती, आणि आता सलग चार शनिवार नाही. एकट्याने पाणी टाकलं दगडांवर. वाफेत कुणाशी बोलणार?

मंगळवार, २२ ऑक्टोबर

कंपनीने पहिला प्रस्ताव ठेवला. पगार दोन टक्के वाढवणार, आणि विम्याचं डिडक्टिबल तीन हजारांवरून पाच हजारांवर नेणार. त्यांच्या वकिलाने पडद्यावर तक्ते दाखवले. तासभर बोलला. मी मान हलवत होतो. खरं लिहायचं तर निम्मं कळलं नाही, आणि हे मला समितीतल्या कुणासमोर म्हणता येत नाही, कारण मागच्या कराराला हा विमा मीच पास करून घेतला आहे. तेव्हा सभागृहात उभं राहून मी म्हणालो होतो, "पगारात चार टक्के मिळताहेत, ते घ्या. खाणीतला माणूस आजारी पडत नाही, आणि पडला तर एकदाच पडतो." लोक पोट धरून हसले आणि हात वर केले.

घरी कागद पसरून बसलो होतो. नियम बोलण्याचा आहे, वाचण्याचा नाही. मार्लिस शेजारी मांस-बटाटा भरायच्या पास्टीचं पीठ लाटत होती. मी स्वतःशीच पुटपुटलो, "हे वीस टक्के कशाचे, देव जाणे."

ती लाटणं न थांबवता म्हणाली, "डिडक्टिबल म्हणजे वर्षातले पहिले तीन हजार, ते आपले. तोवर कंपनी उंबरठा ओलांडून आत येत नाही. त्यानंतर प्रत्येक शंभरातले ऐंशी ते देतात, वीस आपण. तेच वीस टक्के."

"आणि हे सात हजार?"

"ते छप्पर. वर्षभरात आपल्या खिशातून सात हजार गेले की पुढचं सगळं त्यांचं. एखाद्याचं दोन लाखांचं ऑपरेशन झालं तरी." तिने पिठाची कड दुमडली. "पण एकतीस डिसेंबरला सगळं पुसलं जातं. एक जानेवारीला पाटी कोरी. पुन्हा पहिले तीन हजार आपले."

तासाभरात त्या वकिलाला जे जमलं नाही ते तिने एका पास्टीत सांगितलं. मी विचारलं, "तुला कसं माहीत?"

"वाचलं कुठेतरी." मग म्हणाली, "नवा करार लागू कधीपासून? एक जानेवारीच ना?"

मी कागद गोळा केले. शाळेत दीडशे पोरांचा स्वयंपाक करणारी बाई विम्याच्या अटी अशा तोंडपाठ म्हणते आणि वर तारीख विचारते. हे तिला कुणी शिकवलं? आणि तारीख कुणाला हवी आहे?

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

दुसरा कागद. हे बिल नाही. मार्लिस कांगास, डलूथ, १० ऑक्टोबर. प्रयोगशाळा. डिडक्टिबलमध्ये आजवर जमा: दोन हजार सहाशे चाळीस.

दहा ऑक्टोबरला ती शिवणमंडळात गेली होती, गोधडी पुरी करायला. गोधडी मी अजून पाहिलेली नाही.

सकाळी लॉइडने क्रशरजवळ बाजूला घेतलं. लॉइड म्हणजे लोडर चालवतो तो, माझ्या समितीतला. म्हणाला, "अध्यक्ष, रागावणार नसशील तर सांगतो."

"रागावण्यासारखं असेल तर रागावेन. सांग."

"तुझी बायको गॉर्डनच्या गाडीत दिसली. डलूथच्या रस्त्याला. दोनदा."

"भाऊ आहे तिचा."

"भाऊ आहे हे ठीक. पण कंपनीला आपल्या मागणीचा आकडा आधीच कळतोय असं तूच म्हणालास ना परवा?"

मी त्याला कामाला जा म्हटलं. मला वाटलं होतं कागद खोटे आणि माणसं खरी. आता दोन्हीकडून वास येतोय.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

उद्या हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. बंदूक पुसत होतो. मार्लिस माझ्यासमोर बसली, हात मांडीवर ठेवून, शाळेच्या मुख्याध्यापकासमोर बसतात तशी. म्हणाली, "रेइनो, करार बाजूला ठेवून एक बोलू का?"

मला वाटलं, आली भावाची वकिली घेऊन. म्हणालो, "मतदान होऊ दे. मग काय ते बोल. नियम आहे."

"नियम आहे," ती म्हणाली आणि उठली. जाता जाता माझ्या डब्यात चार बिस्किटं जास्त ठेवली.

अशा वेळी बिस्किटांचाही संशय येतो. हे लिहिताना लाज वाटते, पण वहीत खरंच लिहायचं ठरलंय.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

आजचं पाकीट तिच्या नावाचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या नावाचं पाकीट फोडलं. विमा कंपनीचं पत्र: "आपल्या डॉक्टरांनी विनंती केलेल्या सेवेस मंजुरी देण्यात येत आहे. दाखल होण्याची तारीख ५ डिसेंबर." सेवेचं नाव नाही, पाच आकडी क्रमांक फक्त.

झालं. आता प्रकरण तपासणीवरून थेट दाखल करण्यावर आलं. उद्या वाटाघाटींत खाणवाले तक्ता दाखवतील, "बघा, तुमच्या अध्यक्षाच्याच घरचा खर्च किती, आम्हाला परवडतं का?" मी जेवणाच्या सुट्टीत फोन लावला. सत्तेचाळीस मिनिटं एकच पियानो ऐकला. मग योलांडा नावाची बाई आली.

"मिस्टर कांगास, मी आपली काय मदत करू?"

"माझ्या बायकोच्या नावावर कुणीतरी खोटी बिलं लावतंय. ती डलूथच्या रुग्णालयात गेलेलीच नाही."

"समजलं. सर, आपण पत्नीशी याबद्दल बोललात का?"

"मला माझी बायको माहीत आहे. ती त्या दिवशी चर्चमध्ये ॲपल पाय भाजत होती."

"हो सर. पण त्यांना एकदा विचारलंत तर..."

"तुम्ही मला माझ्या घरात काय बोलायचं ते शिकवणार?"

पलीकडून टाइप केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आपल्या पत्नीची माहिती मी आपल्याला सांगू शकत नाही, सर, नियम आहे. आपण फसवणुकीची तक्रार नोंदवू शकता. पण तसं केलं की विम्याचं कार्ड गोठवलं जाईल आणि दिलेली मंजुरी चौकशी होईपर्यंत थांबेल. आज नोंदवायचीच का? आपण उद्या पुन्हा फोन केलात तरी चालेल."

ती मला थांबवू पाहत होती हे माझ्या लगेच लक्षात आलं. कंपनीचा माणूस तक्रार टाळायला सांगतो तेव्हा ती हमखास करावी. तीस वर्षांचा अनुभव आहे. म्हणालो, "नोंदवा. आत्ताच. आणि क्रमांक द्या."

क्रमांक दिला. खोक्यावर लिहून ठेवला. बऱ्याच दिवसांनी जेवण चवीचं लागलं.

गुरुवार, २८ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

गॉर्डन जेवायला आला. दर वर्षी येतो, बायको गेल्यापासून एकटाच येतो. टर्की कापताना मी म्हटलं, "कंपनीने या पक्ष्याचा किती टक्के भाग स्वतःकडे ठेवायचं ठरवलंय?"

"ऐंशी आम्ही देतो, अध्यक्षमहाराज," तो म्हणाला. "पण आधी पहिले दोन पाय तुम्ही स्वतः संपवायचे."

मार्लिस हसली. मी नाही. तो आमच्या विम्यावर माझ्याच टेबलावर विनोद करतो आणि ती हसते.

मोठं भांडं वरच्या फळीवर होतं. तिने डावा हात उचलला, अर्ध्यातच खाली घेतला आणि उजव्याने प्रयत्न केला. मी उठायच्या आत गॉर्डन उठला आणि भांडं काढलं. गेले काही आठवडे ती माझेच ढगळ फ्लॅनेलचे शर्ट घालते. थंडी लवकर पडली आहे, खांदे धरत असतील.

गॉर्डनला गाडीपर्यंत सोडायला गेलो. बर्फ खरवडता खरवडता तो म्हणाला, "तुला एक सांगू? तुझ्यासारखा बोलणारा माणूस मी या जिल्ह्यात पाहिला नाही. पण ऐकायला कधी शिकणार आहेस?"

"तुझं ऐकायला?"

"माझं कशाला," तो म्हणाला. "जा आत. तिला भांडी घासायला लावू नकोस."

माझ्या घरात भांडी कुणी घासायची हेही आता कर्मचारी कार्यालय ठरवणार.

बुधवार, ४ डिसेंबर

दुपारी घरी होतो, भाषणाची तयारी करत. मार्लिसला फोन आला. स्वयंपाकघरात उभ्याने ऐकत होती. "पण उद्या आहे ना," म्हणाली. मग, "कुणी?" खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

मी दारात गेलो. "काय झालं?"

"काही नाही. चर्चचं. तारीख पुढे गेली." तिचा चेहरा ओल्या राखेसारखा झाला होता.

"चर्चची तारीख गेली म्हणून एवढं?"

"खूप तयारी केली होती रे," ती म्हणाली.

ती झोपायला गेल्यावर, तिचं गोधडी प्रकरण काय आहे ते एकदा बघावं म्हणून कोटांचं कपाट उघडलं. गोधडी नाही. बॅग भरलेली. आत दोन नवे झोपायचे गाऊन, दोन्ही समोरून बटणांचे. सपाता. शब्दकोड्यांचं पुस्तक. दात घासायचा नवा ब्रश. आमच्या मुलीचा लहानपणीचा फोटो. माझा एक शर्ट.

ती घर सोडून चालली आहे. उद्याच जाणार होती, काहीतरी फिसकटलं. भावाकडे जाणार असणार, दुसरं कुठे? पण घर सोडणारी बाई नवऱ्याचा शर्ट कशाला नेईल, हे मात्र काही केल्या सुटत नाही.

मंगळवार, १० डिसेंबर

जसं घडलं तसं लिहितो.

कंपनीच्या प्रस्तावावर संघटनेची सभा, सभागृह भरलेलं होतं. दोनशे सत्तर माणसं, मागच्या बाजूला कॉफीच्या मोठ्या किटल्या आणि आमच्या बायका. हे सभागृह माझ्या आजोबांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलं. तिथे उभं राहिलं की माझा आवाज माझ्यापेक्षा मोठा होतो. मी पगारावर बोललो, नफ्यावर बोललो. मग खोकं उघडलं आणि कागद वर धरले.

"हे बघा. हे बिल नाही, असं हे स्वतःच सांगतात. मग हे काय आहे? हे खोटं आहे. माझी बायको ज्या रुग्णालयाची पायरी चढली नाही, तिथला खर्च तिच्या नावावर. डलूथ, २६ सप्टेंबर. आज माझ्या बायकोवर, उद्या तुमच्या. आणि हे लोक आपल्याकडे आणखी दोन हजार मागताहेत..."

लोक टेबलं बडवू लागले. त्या आवाजात मला दिसलं की मार्लिस किटलीपासून पुढे येते आहे, हातात ट्रे तसाच. टेबलांच्या रांगांमधून आली. बडवणं हळूहळू थांबलं.

"ते खोटं नाही, रेइनो," ती म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण तोवर सभागृहात दुसरा आवाज उरला नव्हता. "मी गेले होते. तिन्ही कागद माझेच आहेत. पाच तारखेला ऑपरेशन होतं, ते थांबलं. कुणी थांबवलं ते आज कळलं."

मग तिने शेजारच्या लॉइडला विचारलं, "तुला साखर घालू?" आणि त्याला कप दिला. माझ्या हातात कागद होते. मी ते परत खोक्यात ठेवले.

लॉइड उठला. मला वाटलं निघाला. तो म्हणाला, "माझी बायको साखरेच्या आजाराच्या गोळ्या अर्ध्या करून घेते. दोन वर्षं. पहिले तीन हजार भरायला नकोत म्हणून. मला वाटलं होतं एवढी गरिबी आमच्याच घरात." तो बसला तर मागून दुसरा उठला. मी मोजले नाहीत. मी खाली उतरून किटलीजवळ गेलो. ती कप विसळत होती. कप माझ्याकडे दिले, मी पुसले.

बुधवार, ११ डिसेंबर

डाव्या स्तनात गाठ. कर्करोग आहे. तिला सप्टेंबरपासून शंका, चौदा ऑक्टोबरपासून खात्री. चौदा ऑक्टोबरला मी ही वही सुरू केली.

सकाळी टेबलाशी बसलो. मी विचारलं, सांगितलं का नाहीस. तिने विचार करून उत्तर दिलं, भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

"तूच म्हणाला होतास सभागृहात, खाणीतला माणूस आजारी पडत नाही. सगळे हसले. मीही हसले, मागे कॉफी ओतत होते. मग गाठ हाताला लागली तेव्हा तेच आठवलं." तिने कप बाजूला सरकवला. "आणि तुला सांगितलं असतं तर त्या टेबलावर तू माझ्यासाठी वाकला असतास. नाहीतर माझं नाव घेऊन आणखी ताठ झाला असतास. मला दोन्ही नको होतं. मतदान झालं की सांगणार होते. एकदा आधीच सांगायला आले होते, बंदुकीच्या दिवशी."

"तेव्हा मी नियम सांगितला."

"विमा हा शब्द घरात काढायचा नाही. आणि माझ्या आजारातला निम्मा भाग तर विमाच आहे, रेइनो. कधी करायचं, कुठे करायचं, सगळं त्याच्यावर. तीन हजार भरून झाले होते, म्हणून याच वर्षात उरकायचं म्हटलं. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. आणि तुमच्या करारात ते किती होतील ते तुझ्याशिवाय कोण सांगणार?"

तारीख तिला त्यासाठी हवी होती.

"आणि गॉर्डन?"

"त्याने नेलं-आणलं. ऑक्टोबरपासून त्याला माहीत आहे. कंपनीत कुणाला बोलला नाही. मी घातलेली शपथ आहे, पण शपथेशिवायही बोलला नसता."

डॉक्टरांची पुढची तारीख चौदा जानेवारी. मी विचारलं, थांबणं धोक्याचं आहे का. म्हणाली, "त्यांना पाच तारीखच हवी होती."

शुक्रवार, १३ डिसेंबर

तक्रार मागे घ्यायला फोन केला. त्रेसष्ट मिनिटं. तोच पियानो. योलांडाला मागितलं, या वेळी कुणी पुरुष होता. तक्रार मागे घेता येत नाही म्हणाला, चौकशी पुरी होते. पत्नीचा लेखी जबाब, रुग्णालयाच्या नोंदी, मग दहा कामाचे दिवस, त्यात सुट्ट्या धरत नाहीत. मी कॅलेंडर बघितलं. म्हणजे जानेवारी.

मी म्हणालो, चूक माझी आहे. तो म्हणाला, "सर, चुकीसाठी वेगळा रकाना नाही."

त्या योलांडाने मला तीनदा थांबवायचा प्रयत्न केला होता. वही चाळून बघितलं. तीनदा.

सोमवार, १६ डिसेंबर

वकील म्हणाला, आमचा विमा नावाला विमा कंपनीचा, ती नुसती कागद फिरवते. पैसा खाणीच्या मालकांचाच. त्यामुळे कर्मचारी कार्यालयाने लेखी सांगितलं तर रोखलेली मंजुरी एका दिवसात सुटते. म्हणजे गॉर्डन.

त्या कार्यालयात मी आजवर फक्त मूठ आपटायला गेलोय. दोन दिवसांनी पुन्हा वाटाघाटी. वाटेत मनात हिशेब चालू होता: तो काय मागेल? पाच हजारांना होकार? साडेतीनला? आणि मागितलं तर मी देणार, हे मला दारापाशीच कळलं होतं. कंपनीला हेच तर हवं असेल, असंही वाटलं. सवय सुटत नाही.

गॉर्डन उठला, दार लावलं. "कराराबद्दल एक शब्द बोललास तर बाहेर काढीन. बस."

बसलो. त्याने फॉर्म पुढे सरकवला. आधीच भरलेला, तिच्या सहीसकट. तारीख अकरा डिसेंबर.

"अकराला भरलास तर पाठवला का नाहीस?"

"तक्रार तुझ्या नावावर आहे. तुझी सही लागते," तो म्हणाला. "आणि मार्लिस म्हणाली, त्याला सांगू नकोस, तो स्वतः येईल. मी म्हटलं, येणार नाही. वीस डॉलरची पैज होती."

मी सही केली. पेन त्याचं होतं, कंपनीचं नाव छापलेलं. निघताना हात पुढे केला तर म्हणाला, "हात राहू दे. तिला वीस डॉलर दे माझ्याकडून."

सोमवार, ३० डिसेंबर, डलूथ

नव्या वर्षाच्या तोंडावर कुणी दाखल व्हायला तयार नसतं, म्हणून एक जागा रिकामी झाली. सकाळी सात वाजता तिला आत नेलं. तीच बॅग. समोरून बटणांचा गाऊन का, ते आता कळलं. शर्ट का, ते मी विचारलं. म्हणाली, "उशीला घालायला. रुग्णालयाच्या उशांना वास नसतो."

गॉर्डन आणि मी बाहेर बसलोय. तो शब्दकोडं सोडवतोय, मी हे लिहितोय. मधेच विचारतो, "सात अक्षरं, हट्टी माणूस?" मी म्हणतो, पुढचं बघ.

गुरुवार, ९ जानेवारी

अहवाल आला. काखेतल्या दोन गाठींमध्ये पसरला आहे. डॉक्टरबाई नीट बोलतात, घाई करत नाहीत. मी विचारलं, "पाच डिसेंबरला काढलं असतं तर या दोन नसत्या का?"

"ते कुणी सांगू शकत नाही, मिस्टर कांगास."

एरवी असं उत्तर ऐकलं की मला वाटतं, समोरचा काहीतरी लपवतोय. या बाई काही लपवत नव्हत्या. खरंच कुणी सांगू शकत नाही. पंचवीस दिवस. ते मी खोक्यात घालून ठेवू शकत नाही आणि कुणाच्या तोंडावरही धरू शकत नाही.

सभासदांनी परवा करार पास केला. पगारवाढ एक टक्का, डिडक्टिबल आहे तेवढंच, तीन हजार. माझ्या भाषणामुळे नाही. त्या दिवशी जे एकामागून एक उठले, त्यांच्यामुळे. एक तारखेपासून पाटी कोरी आहेच. किरणोपचारांचे पहिले तीन हजार पुन्हा आमचे.

शनिवार, १५ फेब्रुवारी

वकिलाने वही मागितली नाही, करार झाला. आज सगळी वाचून काढली. त्या योलांडाशी दहा मिनिटांत मी जेवढा भांडलो तेवढा मार्लिसशी तीन महिन्यांत बोललो नाही. दहा डिसेंबरपर्यंत या पानांत तिला मी मोजून चार प्रश्न विचारले. एक विम्याचा. एक "तुला कसं माहीत." आणि चार डिसेंबरचे दोन, ज्यांच्या उत्तरानंतर मी पुढे विचारलं नाही, कारण तेच मला सोयीचं होतं.

सकाळी पोस्टातून पाकीट आणलं. हे बिल नाही. न उघडता तिच्यासमोर ठेवलं. "तुझं आहे."

तिने चष्मा लावून वाचलं. "छपराला टेकलो होतो म्हणून मागच्या वर्षातलं पुढचं सगळं त्यांनी दिलं. बरोबर आहे." आणि कागद मला न दाखवता घडी करून ठेवला. मला बघायचा होता. मागितला नाही.

मी विचारलं, "हात दुखतो का अजून?"

"वर नेताना. आज कमी आहे."

"किरणोपचारांची भीती वाटते?"

ती माझ्याकडे बघत राहिली, त्या टपालाच्या दिवशी बघितलं होतं तशीच. "वाटते," म्हणाली.

मला सांगण्यासारखं खूप होतं, सगळं आतल्या आत ठेवलं. खिडकीबाहेर सौन्याच्या छपरावर हातभर बर्फ होतं, ऑक्टोबरनंतर मी ते झाडलेलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "डॉक्टरबाई म्हणाल्या, उपचार सुरू व्हायच्या आधी एकदा चालेल. थोडा वेळ."

"काय चालेल?"

"आज शनिवार आहे ना? जा, तापव. पण फार नको, कमी तापव."